रक्ताचे माप

(संत नामदेव महाराजांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या समाजमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या दिवशी या ठिकाणी उभे राहणाऱ्याने महाराजांच्या चरित्रावर किंवा त्यांच्या भक्तिमार्गावर चार शब्द बोलावेत, असा आपला जुना रिवाज आहे. महाराजांचे नरसी आपल्याच जिल्ह्यात, आणि ज्या औंढ्याच्या नागनाथापाशी त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला असे आपण मानतो, ते क्षेत्रही आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा विषयाची वाण पडण्याचे काहीच कारण नव्हते. असे असता मी रक्ततपासणीसारखा रूक्ष विषय निवडला, याबद्दल कार्यकारी मंडळातील एकदोन स्नेह्यांनी नापसंती दर्शविली. त्यांना मी इतकेच म्हणालो की, आपल्या मागील काही वर्षांच्या स्मरणिका काढा आणि शेवटची, म्हणजे श्रद्धांजलीची पाने चाळा. त्या पानांवरील छायाचित्रांत पिकल्या केसांची माणसे आहेत, तशीच काळ्याभोर केसांचीही आहेत; आणि त्या काळ्या केसांखाली ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द वारंवार छापलेले आढळतील. त्यांतील एक छायाचित्र माझ्या धाकट्या भावाचे आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक आणि पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण, एवढीच माझी विद्या. मी जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून आणि मुख्यतः एक चूक करून शिकलो आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करणे प्रामाणिकपणाचे होईल.

माझा भाऊ व्यवसायाने शिंपी होता. अंगाने सडपातळ, खाणे बेताचे. एकादशी चुकवीत नसे. सकाळी आठला यंत्रावर बसला की दुपारच्या जेवणापुरता उठे आणि रात्री दुकान बंद करी. व्यसन म्हणावे तर तंबाखूचा बार तेवढा होता. २००७ साली गावात एक तपासणी-शिबिर झाले, त्यात त्याने रक्त दिले आणि आलेला कागद घरातील शिकलेला माणूस म्हणून माझ्यापुढे ठेवला. मी तो कागद परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा वाचला. एकूण कोलेस्टेरॉल १९८. छापील मर्यादा २००. पास. ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएल १२८; मर्यादा १३०. पास. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी २१०, मर्यादा १५०. नापास. आणि ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल २८. पाहिजे होते ४० च्या वर. नापास. मी मनाशी म्हटले, मुख्य विषयांत उत्तीर्ण आहे, दुय्यम विषयांत थोडा कच्चा आहे. त्याला सांगितले, “काही विशेष नाही. तेलकट कमी खा.” त्याने तो कागद घडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवला. २०१० साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पहाटे छातीत कळ येऊन, नांदेडच्या वाटेवरच तो गेला.

तो कागद मी आजही जपून ठेवला आहे. आता तो वाचता येतो म्हणून फार वाईट वाटते. पुढे एका डॉक्टरांनी मला त्या कागदावर एक वजाबाकी करावयास लावली: एकूण कोलेस्टेरॉल १९८, त्यातून चांगले २८ वजा करा. राहिले १७०. रक्तातील जे जे कोलेस्टेरॉल धमनीच्या अंतर्भागात शिरून अपाय करू शकते, त्या सर्वांची ही बेरीज. ती सर्वसाधारण माणसात १३० च्या आत असावी असे आज सांगतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला मी उत्तीर्ण ठरविले, तो एका वजाबाकीने चाळीस गुणांनी नापास होता. आणि ती वजाबाकी करावयास डॉक्टर लागत नाही, तिसरीतले पोरही ती करील. सदतीस वर्षे मी वजाबाकी शिकविली आणि घरात ती करावयाचे मला सुचले नाही.

येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे; शरीरातील प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागते. परंतु ते चरबीच्या जातीचे असल्यामुळे रक्ताच्या पाण्यात विरघळत नाही. म्हणून यकृत ते प्रथिनाच्या वेष्टनात बांधून बारीक कणांच्या रूपाने रक्तात पाठविते. हे कण संख्येने अधिक झाले की त्यांतील काही धमनीच्या आतील अस्तराखाली जाऊन अडकतात. शरीरातील पहारेकरी पेशी त्यांना गिळतात, फुगतात, तेथेच मरतात. त्या जागी सूज येते, चरबीचा थर साचतो, त्यावर एक कवच चढते. ही क्रिया दुखत नाही. वर्षानुवर्षे चालते आणि माणसाला पत्ता लागत नाही. मग एखादे दिवशी ते कवच फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा क्षणात तुटतो. लोक म्हणतात, ‘काल संध्याकाळपर्यंत चांगला होता.’ वस्तुतः तो वीस वर्षे चांगला नव्हता.

ही क्रिया किती लवकर सुरू होते, याचा बोध जगाला कोरियाच्या युद्धात झाला. तेथे मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली. त्यांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या सैनिकांचे सरासरी वय होते बावीस. सैन्यात निवडलेली, धडधाकट पोरे ती. त्यांपैकी शेकडा ७७ जणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या, कोठे नुसत्या रेघा तर कोठे चांगलीच अडचण. तेव्हा हा म्हातारपणाचा रोग आहे, ही समजूत त्या वर्षीच निकालात निघावयास हवी होती. आपल्याकडे ती अद्याप नांदते आहे.

आपल्या लोकांचा प्रश्न याहूनही बिकट आहे. २००४ साली बावन्न देशांतील सुमारे तीस हजार माणसांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याला ‘इंटरहार्ट’ म्हणतात. त्यातील भारत व शेजारच्या देशांची आकडेवारी वेगळी काढून २००७ साली जो निबंध लिहिला गेला, त्याचे प्रथम लेखक आपल्या नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते. त्यांना असे दिसले की, आपल्या भागातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे एकोणसाठाव्या वर्षी येतो. सहा वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. तेवढ्यात एका मुलीचे लग्न होते आणि एका मुलाचे शिक्षण पुरे होते.

असे का व्हावे? याचे एक उत्तर पुण्याने दिले आहे, आणि मराठी माणसाने ते अभिमानाने व काळजीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन गावच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, काटकुळी. परंतु मोजून पाहता असे आढळले की, त्यांच्या अंगावरचे मांस कमी असले तरी चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. हाडकुळे शरीर आणि आत दडलेली चरबी, असा हा आपला जन्मजात बांधा आहे. २००४ साली डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचाही २२.३, तंतोतंत सारखा. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला दोघे सारखे. आतून दुप्पटीहून अधिक अंतर.

ही गोष्ट शिंप्याला सांगावी लागू नये. ज्याचा खांदा व छाती पंधरा वर्षांपूर्वीचीच आहे आणि कंबर मात्र दर दोन वर्षांनी इंचाने वाढते आहे, अशी गिऱ्हाइके आपल्यापैकी प्रत्येकाच्या मापाच्या वहीत आहेत. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका सुरू होतो, असे आपल्या देशाच्या माणसांसाठी ठरविलेले आहे. दुसऱ्याच्या कंबरेभोवती दिवसभर टेप फिरविणाऱ्या आपल्या माणसाने स्वतःच्या कंबरेला ती शेवटची केव्हा लावली होती, हे त्याने स्वतःलाच विचारावे. (माप पोटावर, बेंबीच्या बेतात घ्यावयाचे, पँट बांधतो त्या खालच्या जागी घेऊन स्वतःला फसवू नये.)

आता रक्तातील खुणांकडे वळतो. पहिल्या प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील सर्व विवेचन दिशाभूल करणारे ठरेल. रक्ताच्या थेंबात धमनी दिसत नाही. कोठे किती अडथळा आहे, हे कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. ती सांगते ती एवढेच की, अडथळा निर्माण करणारा माल रक्तात किती आहे आणि म्हणून या माणसाच्या धमनीत पुढे काय होण्याचा संभव आहे. आभाळ पाहून पावसाचा अंदाज बांधावा तसे हे आहे. छत्री मात्र आपण घ्यावयाची. आणखी एक गैरसमज: ‘ट्रोपोनिन’ नावाची तपासणी हृदयरोगाची म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढते. छातीत कळ आली असता रुग्णालयात ती करतात आणि तेथे ती अमूल्य आहे. निरोगी माणसाने भविष्य पाहण्यासाठी ती करून घेण्यात अर्थ नाही.

साध्या तपासण्यांत पहिली ती चरबीची, जिला लिपिड प्रोफाइल म्हणतात. तिच्यातील एलडीएलचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. १९७२ साली फ्रीडवाल्ड आदी शास्त्रज्ञांनी दिलेल्या गणिताने काढलेला असतो. एकूणातून चांगले वजा करा, नंतर ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. माझ्या भावाच्या कागदावर हेच होते: १९८ मधून २८ गेले, २१० चा पाचवा हिस्सा ४२ गेला, राहिले १२८. ट्रायग्लिसराइड जितके अधिक, तितकी मोठी रक्कम वजा होते आणि एलडीएल तितके सोज्ज्वळ दिसते! आपल्याकडील बांध्यात ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले असेच चित्र फार आढळते. म्हणून मी म्हणतो की, एलडीएलच्या जोडीने ती पहिली वजाबाकीही करा. हल्ली पुष्कळ कागदांवर ‘नॉन-एचडीएल’ म्हणून ती छापूनच येते, पण तिकडे लक्ष कोण देतो!

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘अपोलायपोप्रोटीन बी’ ची तपासणी. नाव अवजड असले तरी कल्पना सोपी आहे. हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात हंगामात जी वाहने येतात, त्यांतील पोत्यांचे वजन केले म्हणजे कोलेस्टेरॉल मोजल्यासारखे झाले; आणि नाक्यावर बसून किती वाहने आली हे मोजले म्हणजे ‘अपो-बी’ मोजल्यासारखे झाले. प्रत्येक अपायकारक कणावर हे प्रथिन नेमके एकच असते. म्हणून ते मोजले की कणांची शिरगणती होते. रस्ता अडतो तो वाहनांच्या संख्येने. पोती अर्धी भरलेली असली, तरी वाहने दुप्पट आली तर रस्ता अडणारच. ज्याचे एलडीएल मर्यादेत पण ट्रायग्लिसराइड अधिक, त्याला ही तपासणी विशेष उपयोगी पडते. इंटरहार्टमध्ये सर्वांत बलवान ठरलेल्या कारणांपैकी एक म्हणजे याच अपो-बीचे चांगल्या कणांच्या प्रथिनाशी असलेले प्रमाण, दुसरे, धूम्रपान. तंबाखू चघळणाऱ्यांनी येथे निःश्वास टाकू नये. चघळण्यानेही झटक्याचा धोका वाढतो, हे त्याच अभ्यासातून निघाले.

मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी आणि रक्तदाब, या दोन गोष्टी आता बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर वेळ घालवीत नाही. तीस वर्षांवरील माणसाची साखर व रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य पाहतात. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

आता मी त्या तपासणीकडे येतो, जिच्यामुळे हे व्याख्यान देणे मला भाग पडले. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग नावाच्या शास्त्रज्ञास रक्तात एक निराळाच कण आढळला. तो एलडीएलसारखाच, पण त्याला एका प्रथिनाची शेपटी चिकटलेली. त्याला ‘लायपोप्रोटीन ए’ म्हणतात. हा कण धमनीत चरबी साचवितो आणि गुठळी होण्यासही हातभार लावतो असे मानतात. त्याचे विशेष असे की, तो किती असावा हे मुख्यतः आईबापांकडून आलेल्या वारशाने ठरते. बालपणी जितका, जवळजवळ तितकाच म्हातारपणी. उपवासाने तो उतरत नाही, चालण्याने उतरत नाही, नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही उतरत नाही. म्हणून ही तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते. ५० मिलिग्रॅमच्या खाली असावा असे सांगतात. आपल्या देशात सुमारे चार माणसांत एकाचा त्याहून अधिक असतो. आपल्या देशातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ही तपासणी प्रत्येकाने एकदा तरी करावी आणि चरबीची पहिली तपासणी अठराव्या वर्षीच व्हावी, असे म्हटले आहे. अठराव्या वर्षी! आपण पंचेचाळिशीत, आणि तेही शेजारी गेला म्हणजे, धावतो.

२०२२ साली माझ्या पुतण्याने, म्हणजे त्याच भावाच्या मुलाने, नांदेडला एका डॉक्टरांना सहज प्रकृती दाखविली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वडील आहेत का?” नाहीत म्हटल्यावर दुसरा, “कितव्या वर्षी गेले?” सेहेचाळीस हे उत्तर ऐकताच त्यांनी ही तपासणी लिहून दिली. पुरुष नातेवाइकास पंचावन्नच्या आत आणि स्त्री नातेवाइकास पासष्टच्या आत हृदयविकार झालेला असेल, तर तो इतिहास हीच मोठी खूण समजतात. तिला सुई टोचावी लागत नाही आणि पैसाही पडत नाही. पुतण्याचा आकडा आला ९६. मग मीही तपासून घेतले, माझा ८४. पुतणीचा आला १८. वारशाचा न्याय असा असतो; एकाच ताटातून जेवलेल्या भावंडांत एकाच्या वाट्याला येते, दुसऱ्याच्या येत नाही. भावाचा तर कधी मोजलाच नव्हता, आणि आता मोजताही येत नाही.

त्या दिवशी माझी भावजय मला म्हणाली, “दादा, हे बाहेर कोणाजवळ बोलू नका. पोरीचे लग्न व्हायचे आहे.”

मंडळी, हे वाक्य मी आज येथे तिच्या संमतीने उच्चारीत आहे. ती याच मांडवात बसलेली आहे. तिचा मी दोष मानीत नाही, कारण हेच वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोलले गेले असेल. आपल्या स्मरणिकेत वधूवरांची सूची असते. तीत उंची असते, वर्ण असतो, रास-नक्षत्र असते, मामाचे कूळ असते. वडील कशाने व कितव्या वर्षी गेले, हे नसते. विचारले तर ‘अल्पशा आजाराने’ असे उत्तर मिळते. सोयरिकी आपापसात, त्यातही मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे जुनी चाल. म्हणजे जे रक्त आपण दडवितो, तेच पुन्हा पुन्हा एकमेकांच्या घरी देतो.

हे नुसते भीती दाखविण्यासाठी म्हणत नाही. ब्राउन व गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच एका घराण्यात चालणाऱ्या दोषाच्या उलगड्यापासून. काही माणसांच्या यकृतावरील एलडीएल ओढून घेणारी दारेच जन्मतः निम्मी असतात. एकाच पालकाकडून तो दोष आला तर एलडीएल १९० च्या वर राहते आणि तारुण्य सरते न सरते तोच झटका येऊ शकतो. परंतु दोन्ही पालकांकडून आला, तर मूल दहाबारा वर्षांचे असतानाच धमन्या भरू लागतात. असे मूल विरळा. पण नात्यातल्या नात्यात लग्ने झाली की त्याचा संभव वाढतो. घरात कोणाचे एलडीएल १९० च्या वर आले, तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी, मुले लहान असली तरी, तपासून घेतलेच पाहिजे.

पुतणीच्या लग्नाचे पुढे काय झाले, हे ऐकण्यास स्त्रीवर्ग उत्सुक असेल. एका स्थळाला आम्ही सर्व सांगितले. त्यांनी ‘कळवितो’ म्हटले आणि कळविले नाही. भावजय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. दुसऱ्या स्थळाच्या वडिलांनी मात्र सर्व ऐकून घेऊन विचारले, “गुरुजी, ही तपासणी कोठे करतात? माझेही वडील पन्नाशीतच गेले.” त्यांनी स्वतःची करून घेतली, मुलाचीही करविली, दोघांचे एलडीएल चढलेले निघाले आणि दोघांवर उपचार सुरू झाले. २०२३ च्या वैशाखात लग्न लागले. व्याह्यांनी आपला कागद प्रथम मला दाखविला, आणि मी वजाबाकी केली.

कोणी विचारील, ज्या कणावर उतारा नाही तो मोजून काय करावयाचे? हाच प्रश्न पुतण्याने डॉक्टरांना केला. त्यांचे उत्तर मला पटले. त्या कणावर नवी औषधे परीक्षेत आहेत, ती येतील तेव्हा येतील. तोपर्यंत ज्याचा एक पाय जन्मतः लंगडा आहे त्याने दुसरा तरी भक्कम ठेवावा. पुतण्याचे एलडीएल १३४ होते. दुसऱ्या कोणाला ते चालून गेले असते. त्याला चालणार नव्हते. डॉक्टरांनी गोळी दिली, तंबाखू सोडविली, यंत्रावरून तासातासाने उठावयास सांगितले. आज ते सत्तरच्या आत आहे. गोळी कोणी घ्यावी व किती घ्यावी, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. माझ्या पुतण्याची गोळी कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. आणि कागदावर आकडा खाली आला म्हणून कोणी ती आपल्या मनाने बंदही करू नये. आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो.

हल्ली ‘संपूर्ण शरीर तपासणी’ म्हणून साठसत्तर चाचण्यांचे पुडके स्वस्तात देण्याची एक टूम निघाली आहे. त्याविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. त्या पुडक्यात ‘होमोसिस्टीन’ असते. १९६९ साली मॅकली नावाच्या डॉक्टरने हा पदार्थ रक्तात वाढला की धमन्या बिघडतात असा विचार मांडला. आपल्याकडे तो पुष्कळांचा वाढलेला असतो, कारण आपल्या शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व अपुरे पडते. डॉ. याज्ञिक यांनीच पुणे परिसरातील ४४१ पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी निघाले. परंतु जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरविले तर झटके टळतात का, हे पाहण्यासाठी मोठे प्रयोग झाले आणि २००६ साली त्यांपैकी दोहोंचे निकाल प्रसिद्ध झाले. होमोसिस्टीन उतरले, हृदयाचे झटके काही उतरले नाहीत. तेव्हा बी-१२ कमी असेल तर ते अवश्य भरून काढावे, रक्तासाठी व मज्जातंतूंसाठी ते हवेच; पण त्यामुळे हृदयाला कवच मिळाले असे समजून गुटखा चालू ठेवू नये.

‘सीआरपी’ चेही तसेच जपून. हे सुजेचे प्रथिन. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत ते प्रथम सापडले. धमनीतील सूक्ष्म सूजही त्यात उमटते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांचे एलडीएल बरे पण सीआरपी वाढलेले, अशा १७,८०२ माणसांना घेतले. त्यांपैकी ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिली त्यांच्यात झटके व तत्सम आपत्ती बऱ्याच कमी झाल्या. तथापि सर्दी, दाढेचे गळू, गुडघ्याची सूज, कशानेही तो आकडा वाढतो. माझ्या एका परिचिताने खोकला झाला असता ही तपासणी करविली आणि आठ दिवस मृत्युपत्राचा विचार केला! डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ती करू नये, आणि एकदा अधिक आली तर बरे वाटल्यावर पुन्हा करावी.

माझ्या मते साठ चाचण्यांच्या पुडक्यापेक्षा चारपाच साध्या तपासण्या वीस वर्षे आधी करणे अधिक शहाणपणाचे. आणि कागद देवाच्या तसबिरीमागे ठेवण्याऐवजी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा. आपल्या जिल्ह्याला १९९९ साली स्वतंत्र अस्तित्व मिळाले, २०२४ साली हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. आता प्रत्येक वेळी नांदेडची वाट धरण्याचेही कारण हळूहळू उरणार नाही.

कार्यकारी मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वधूवरांच्या माहितीत ‘आई-वडील, आजी-आजोबा: हयात, किंवा कोणत्या वयात व कोणत्या आजाराने निधन’ असा एक रकाना असावा, ज्याला भरावयाचा त्याने भरावा, सक्ती नसावी. मंडळात यावर दुमत आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, अशाने चांगली स्थळे मोडतील. त्यांची भीती मी समजू शकतो, कारण आमचे एक मोडले आहे. तरी सूचना मी मागे घेणार नाही. मतास टाकली तर दोन मते निश्चित आहेत, माझे आणि भावजयीचे.

आता पानसुपारी व्हावयाची आहे. ज्यांनी आपले कागद बरोबर आणले असतील, त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या उजव्या कोपऱ्यात यावे. मी तेथे पेन्सिल घेऊन बसतो. औषध सांगणार नाही. वजाबाकी करून देईन.